लस घेऊनही कोरोना झालाच ना? नागपूरच्या माकडांची गोष्ट

परवा दवाखान्यात एक काका आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, मधुमेह आहे, गोळ्या वेळेवर घेतात. खोकला आठ दिवस हटत नव्हता म्हणून आले होते. तपासून झालं, औषधं लिहून झाली, तरी ते उठेनात. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक विचारू का? दोन डोस घेतले, तिसराही घेतला. तरी बावीस साली झालाच ना कोरोना मले! मंग त्या सुईचा फायदा काय झाला, सांगा बरं?"

हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेला असेल. "लस घेतली म्हणून तर वाचलात" असं म्हणून डॉक्टर मंडळी तो उडवून लावतात. मीही अनेकदा लावला आहे. पण हे उत्तर ऐकणाऱ्याला पटत नाही आणि त्याचं काही चुकत नाही, कारण तो वाचला तो लशीमुळे की नशिबानं, हे त्याला कसं कळणार? एका माणसाकडे पाहून ते मलाही सांगता येत नाही. ते कळण्यासाठी काय काय करावं लागलं, याची गोष्ट मात्र सांगता येते. त्या गोष्टीचा एक भाग आपल्या नागपूरच्या आसपासच्या जंगलात घडला. काकांना मी थोडक्यात सांगितली, तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

मानमोडीचं साल

सुरुवात शंभर वर्षं मागून करावी लागेल. १९१८. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं आणि त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. धान्य महाग, चारा नाही, माणसं आधीच खंगलेली. उन्हाळ्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएंझाची पहिली लाट आली, ती तुलनेनं सौम्य होती. दुसरी सप्टेंबरपासून आली. तिनं मुंबईत ६ ऑक्टोबरला एका दिवसात ७६८ माणसं नेली. मग ती रेल्वेनं आत शिरली. मुंबईहून येणारी जीआयपी आणि कलकत्त्याकडे जाणारी बंगाल-नागपूर रेल्वे आपल्याच गावात एकमेकींना भेटतात. आगगाडी जिथं जिथं थांबली, तिथं तिथं आजार उतरला.

जुनी माणसं या साथीला मानमोडी म्हणत. ताप, मान-पाठ मोडून टाकणारं दुखणं आणि मग न्यूमोनिया. मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वयातली धडधाकट माणसं जास्त होती, आणि पुरुषांपेक्षा बायका जास्त. घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार करणारी बाई शेवटी स्वतः पडे, तेव्हा तिला पाणी द्यायला कुणी उरलेलं नसे. देशातल्या ज्या प्रांतांना सर्वात मोठा तडाखा बसला, त्यांत मुंबई इलाख्याच्या बरोबरीनं आपला मध्य प्रांत होता. सरकारी सॅनिटरी कमिशनरनं साथीनंतर लगेच देशभरातल्या मृत्यूंचा आकडा साठ लाखांच्या आसपास धरला. नंतरच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला तेव्हा तो सव्वा कोटीच्याही वर गेला, काहींच्या मते पावणेदोन कोटींपर्यंत. जनगणनांच्या इतिहासात १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की त्यात भारताची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली.

आता मुद्द्याचं सांगतो. त्या साथीतही लस होती.

हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. १९१८-१९ मध्ये जगभर, आणि भारतातल्या प्रयोगशाळांतही, इन्फ्लुएंझाची लस तयार झाली आणि टोचली गेली. अडचण एवढीच की ती भलत्याच जंतूविरुद्ध होती. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या कफात एक बारीक जिवाणू पाहिला आणि हाच इन्फ्लुएंझाचा जंतू असं जाहीर केलं. फायफरचं नाव मोठं होतं, तेव्हा पंचवीस वर्षं बहुतेकांनी ते मान्य केलं. मग १९१८ मध्ये तो जिवाणू मारून, कधी त्याच्यासोबत न्यूमोनियाचे आणखी दोन-तीन जिवाणू मिसळून लशी बनवल्या गेल्या. खरा गुन्हेगार विषाणू होता. त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसणंच शक्य नव्हतं.

गंमत म्हणजे या लशीचा उपयोग झाला असे अहवाल तेव्हा भरपूर आले. "आम्ही इतक्यांना टोचलं, त्यातले फार थोडे आजारी पडले." पण टोचलं कधी? बऱ्याच ठिकाणी साथ ओसरू लागली तेव्हा. आणि कुणाला? जे उभे राहून रांगेत येऊ शकत होते त्यांना. म्हणजे आधीच वाचलेल्यांना. त्या वेळी अमेरिकेत जॉर्ज मॅककॉय आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका मनोरुग्णालयात साधी युक्ती केली. एकाच वॉर्डातल्या रुग्णांत एकाआड एकाला लस दिली, उरलेल्यांना नाही. मग साथ आली. दोन्ही गटांत आजार सारखाच. लस निकामी होती हे उघडं पडलं. (मनोरुग्णांवर असा प्रयोग करणं आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

काकांच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर इथं आहे. लस घेऊन एक माणूस वाचला किंवा एकाला आजार झाला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. लस न घेतलेला तसाच दुसरा गट शेजारी उभा केल्याशिवाय लस बोलत नाही.

शिंकणारं फेरेट

खरा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये, लंडनमध्ये. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातलं धुवण इतकं बारीक गाळलं की त्यात जिवाणू उरूच नयेत. ते अनेक प्राण्यांच्या नाकात घालून पाहिलं. कुणाला काही होईना. फेरेट नावाचा, दिसायला आपल्या मुंगसासारखा एक प्राणी असतो, तो मात्र शिंकू लागला. पुढे १९३६ मध्ये त्याच प्रयोगशाळेतलं एक आजारी फेरेट चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंकलं. दोन दिवसांनी डॉक्टरसाहेब फ्लूनं अंथरुणावर! त्यांच्या घशातून तोच विषाणू परत मिळाला. त्यांना ताप आला, पण सिद्धता पूर्ण झाली.

ही गोष्ट नुसती मजेची म्हणून सांगत नाही. श्वसनमार्गाच्या आजारावर लस करायची तर दोन गोष्टी आधी हातात असाव्या लागतात. एक, खरा जंतू. दोन, माणसासारखा आजारी पडणारा प्राणी. १९१८ मध्ये यातलं एकही नव्हतं.

जी लस देऊन मुलं जास्त आजारी पडली

मधली काही दशकं मी वगळतो. फ्लूच्या लशी आल्या, विषाणू दरवर्षी वेश बदलतो म्हणून लशीही बदलत राहिल्या. पण १९६६ ची एक घटना वगळता येणार नाही, कारण २०२० मध्ये पुण्यातल्या शास्त्रज्ञांच्या मनावर तिचं सावट होतं.

आरएसव्ही हा तान्ह्या मुलांच्या छातीत शिरणारा विषाणू. आपल्याकडे पावसाळ्यात आणि थंडीत बालरोगतज्ज्ञांचे वॉर्ड याच्यामुळे भरतात. अमेरिकेत या विषाणूला फॉर्मेलिननं मारून लस तयार केली आणि लहान बाळांना दिली. मारलेला विषाणू, म्हणजे सुरक्षितच असणार! रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, छान वाढल्या. मग १९६६-६७ चा हिवाळा आला आणि खरा आरएसव्ही गावात फिरू लागला. वॉशिंग्टनमधल्या चाचणीत लस दिलेल्या ३१ बाळांपैकी २० जणांना संसर्ग झाला, त्यातल्या १६ जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं आणि दोन बाळं दगावली. तुलनेच्या गटात संसर्ग झालेल्या २१ पैकी फक्त एकाला भरती करावं लागलं होतं.

लशीनं आजार थांबवला तर नाहीच, उलट वाढवला. का, हे कळायला पुढे वर्षं गेली. त्या अँटीबॉडी विषाणूला चिकटत होत्या पण त्याला निकामी करत नव्हत्या. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती चुकीच्या वळणाला लागली होती. विषाणूग्रस्त पेशी शोधून मारण्याऐवजी ती अ‍ॅलर्जीच्या धाटणीनं फुप्फुसात सूज आणत होती. तेव्हापासून श्वसनमार्गाच्या विषाणूवर मृत विषाणूची लस करणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न चुकवता येत नाही. अँटीबॉडी वाढल्या हे ठीक, पण लस दिलेल्याच्या छातीत खरा विषाणू गेला तर फुप्फुसाचं काय होतं?

रक्त तपासून याचं उत्तर मिळत नाही. फुप्फुसच पाहावं लागतं.

लाल तोंडाची माकडं हवी आहेत

मार्च २०२०. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, भारतात आलेल्या रुग्णांच्या घशातल्या नमुन्यांतून कोरोनाचा विषाणू वेगळा करून वाढवला. १९१८ ला जे जमलं नव्हतं, ते साथ आल्यावर काही आठवड्यांत झालं. ९ मे रोजी आयसीएमआर आणि हैदराबादची भारत बायोटेक यांनी मिळून लस करायचं जाहीर झालं. एनआयव्हीतला विषाणू हैदराबादला गेला, तिथं तो वाढवून रसायनानं मारला. तीच पुढची कोव्हॅक्सिन. मृत, अखंड विषाणूची लस. म्हणजे धाटणीनं त्या दुर्दैवी आरएसव्ही लशीची चुलत बहीण. रसायन वेगळं होतं आणि सोबत प्रतिकारशक्तीला योग्य वळण लावणारा एक नवा पूरक घटक घातला होता, तो याच जुन्या भीतीपोटी. तरी तपासल्याशिवाय भरवसा कसा ठेवायचा?

साधा उंदीर चालत नव्हता, कारण मूळ कोरोना विषाणूला उंदराच्या पेशीत शिरायची किल्लीच लागत नाही. हॅमस्टरला आजार होतो, त्यांच्यावर पुण्यात चाचणी झाली. पण माणसाच्या जवळचं फुप्फुस म्हणजे माकडाचं. त्यातही ऱ्हीसस, लाल तोंडाचं आखूड शेपटीचं माकड. गडमंदिराच्या पायऱ्यांवर तुमच्या हातातली पिशवी ओढणारं काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं वानर वेगळं.

इथं इतिहासातला एक विनोद आहे. जगाला प्रयोगांसाठी ऱ्हीसस माकडं पुरवणारा देश कोणता होता? आपलाच. पोलिओच्या लशीसाठी लागणाऱ्या मूत्रपिंडाच्या पेशी मिळवायला भारतातून वर्षाला हजारो माकडं जहाजानं-विमानानं जात. १९७८ मध्ये सरकारनं ही निर्यात बंद केली आणि माझ्या मते योग्यच केलं. पण चाळीस वर्षांनी जेव्हा आपल्याला स्वतःसाठी वीस माकडं हवी झाली, तेव्हा प्रयोगशाळेत वाढवलेली ऱ्हीसस माकडं देशात नव्हती. प्राणिसंग्रहालयांना विचारलं, संस्थांना विचारलं. कुठं होती ती म्हातारी. म्हाताऱ्या शरीरात लशीला प्रतिसाद नीट येत नाही, तरुण हवी होती.

मग एनआयव्हीची माणसं महाराष्ट्रात माकडं शोधत फिरली. टाळेबंदी सुरू होती. एरवी गावाच्या कडेला, देवळाशी, ढाब्याशी बसणारी माकडं गायब! कारण सरळ होतं. माणसं घरात बसली, तशी त्यांना मिळणारी केळी-चणे बंद झाले आणि माकडं पोटासाठी जंगलात आत गेली. वनखात्याच्या लोकांनी दोन आठवडे कित्येक चौरस किलोमीटर जंगल धुंडाळलं, तेव्हा कुठं काही माकडं सापडली. ती नागपूरच्या परिसरात. आयसीएमआरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनी कोव्हॅक्सिनवरच्या आपल्या पुस्तकात हे नमूद केलं आहे. लशीच्या यशाचे मानकरी केवळ माणसं नाहीत, ही वीस माकडंही आहेत, असं ते म्हणतात.

आपल्याकडे मे-जूनमध्ये काय ऊन असतं ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत तोंडाला मास्क लावून जंगलात माकडांच्या मागे फिरणाऱ्या वनरक्षकांची नावं कुठल्या शोधनिबंधात आलेली नाहीत.

पुण्यात माकडं पोचल्यावर वेगळीच काळजी सुरू झाली. माणसाकडून माकडाला कोरोना होऊ शकतो. प्रयोगाआधीच झाला तर सगळं पाण्यात. म्हणून त्यांची देखभाल करणाऱ्या प्रत्येकाची, पशुवैद्यापासून सफाई कामगारापर्यंत, दर आठवड्याला तपासणी होत असे. उलटी गंमत पाहा, तेव्हा आपण सगळे माणसाला प्राण्याकडून काय होईल या चिंतेत होतो. सुरक्षा सूट घालून आत गेलेले शास्त्रज्ञ दहा-बारा तास अन्नपाण्याविना काम करत.

छातीत काय दिसलं

प्रयोगाची मांडणी मॅककॉयच्या वॉर्डासारखीच, फक्त अधिक काटेकोर. वीस माकडं, पाच-पाचचे चार गट. तीन गटांना लशीचे तीन प्रकार, चौथ्याला नुसतं बनावट इंजेक्शन, म्हणजे प्लासिबो. चौदा दिवसांच्या अंतरानं दोन डोस. त्यानंतर आणखी चौदा दिवसांनी सर्वांच्या नाकात आणि श्वासनलिकेत जिवंत विषाणू सोडला. मग नाकाघशाचे नमुने, छातीचे एक्स-रे, श्वासनलिकेत दुर्बीण घालून फुप्फुसाचं धुवण, आणि अखेरीस शवविच्छेदन.

लस न मिळालेल्या माकडांच्या फुप्फुसात न्यूमोनिया होता. लस मिळालेल्यांच्या फुप्फुसात न्यूमोनियाची चिन्हं नव्हती. आरएसव्हीसारखी उलटी सूज नव्हती. ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप होता, त्याचं हे उत्तर.

पण आणखी एक गोष्ट दिसली. माझ्या दृष्टीनं काकांच्या प्रश्नाचा गाभा तीच आहे. लस मिळालेल्या माकडांच्याही नाकाघशात पहिले काही दिवस विषाणूचे अंश मिळत होते. सातव्या दिवसापर्यंत ते गेले, लस न मिळालेल्यांपेक्षा लवकर गेले. तरी विषाणू नाकात आला, थोडा राहिला, हे खरं. म्हणजे लस टोचलेलं माकड "पॉझिटिव्ह" येऊ शकत होतं. त्याच्या छातीला मात्र काही झालं नव्हतं.

असं का होतं, ते समजून घ्या. दंडात टोचलेल्या लशीनं तयार होणारी अँटीबॉडी मुख्यतः रक्तात फिरते. फुप्फुसाच्या तळाशी, जिथं हवा आणि रक्त यांच्यात कागदापेक्षाही पातळ पडदा असतो, तिथं ती सहज झिरपते. नाकाच्या अस्तरावर मात्र पहारा दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीचा असतो. ती तिथल्या तिथं तयार होते आणि दंडातल्या सुईनं फारशी जागी होत नाही. वाड्याच्या तिजोरीला भक्कम कुलूप, पण फाटक नुसतं लोटलेलं, अशी ही अवस्था.

दुसरं कारण वेळेचं. तुम्ही म्हणाल, गोवरही हवेतूनच पसरतो, मग गोवराची लस आयुष्यभर कशी पुरते? गोवराचा विषाणू नाकातून शिरून शरीरभर फिरतो आणि अंगावर पुरळ उठायला दोन आठवडे घेतो. तेवढ्या वेळात लशीची आठवण ठेवलेल्या पेशी जाग्या होऊन नव्यानं फौज उभी करतात. कोरोना किंवा फ्लू नाकातच दोन-चार दिवसांत काम उरकतो. आठवणीच्या पेशींना जागं व्हायलाच तीन-चार दिवस लागतात. त्या येतात तोवर सर्दी-ताप सुरू झालेला असतो. पण छातीत उतरायला विषाणूला आठवडाभर लागतो, आणि तिथं मात्र त्या वेळेवर पोचतात.

नागपूरची माणसं

माकडांचा निकाल सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. माणसांवरची पहिली चाचणी त्याआधीच, जुलैत सुरू झाली होती. लहान प्राण्यांवरच्या सुरक्षिततेच्या चाचण्या झालेल्या होत्या, तरी एरवी हे टप्पे एकामागून एक येतात, इथं ते एकमेकांवर चढले. साथ तशी होती. पहिल्या टप्प्यात १८ ते ५५ वयाचे ३७५ स्वयंसेवक देशभरातून घेतले गेले आणि त्या केंद्रांत नागपूरचं गिल्लूरकर हॉस्पिटलही होतं. पुढे कोविशील्डच्या भारतातल्या चाचणीत आपलं मेडिकल होतं. २०२१ च्या जूनमध्ये लहान मुलांवरच्या कोव्हॅक्सिनच्या चाचणीतही नागपूर होतं. म्हणजे माकडं, मोठी माणसं आणि मुलं, तिन्ही याच गावानं दिली. त्या पहिल्या स्वयंसेवकांना माकडांच्या फुप्फुसाचा निकाल माहीत नव्हता, हे लक्षात घ्या. माझ्या ओळखीतला एक जण होता त्यांत. बायकोला न सांगता गेला होता. नंतर जे ऐकावं लागलं ते लशीच्या दुष्परिणामांत मोजलेलं नाही.

तिसऱ्या टप्प्यात २५,७९८ माणसं होती. हिशेबात धरलेल्या दोन जवळपास सारख्या गटांत, लस घेतलेल्यांत २४ जणांना लक्षणांसह कोरोना झाला, प्लासिबो घेतलेल्यांत १०६ जणांना. म्हणजे ७७.८ टक्के संरक्षण. गंभीर आजार एका बाजूला १, दुसऱ्या बाजूला १५. इथं संरक्षण ९३.४ टक्के. आणि लक्षणंच नसलेला संसर्ग? त्यापासून ६३.६ टक्के. हे तीन आकडे एकाखाली एक ठेवून पाहा. विषाणू जितका खोल जातो, तितकी लस जास्त कामाची ठरते. माकडांत जे दिसलं तेच पंचवीस हजार माणसांत दिसलं.

एक गोष्ट मात्र मला डॉक्टर म्हणून खटकली होती आणि आजही खटकते. लशीला आणीबाणीची परवानगी मिळाली ३ जानेवारी २०२१ रोजी. हे तिसऱ्या टप्प्याचे आकडे तेव्हा आले नव्हते. पहिला अंतरिम निकाल मार्चमध्ये जाहीर झाला, सविस्तर निबंध छापून आला नोव्हेंबरात. त्या जानेवारीत "डॉक्टर, ही घेऊ की ती?" असं विचारणाऱ्याला माझ्याकडे अँटीबॉडीचे आकडे होते, सुरक्षिततेचे होते, माकडांची फुप्फुसं होती. माणसांत किती टक्के चालते, हे नव्हतं. लस पुढे चांगली निघाली. पण उत्तर हाती येण्याआधी पेढे वाटले की लोकांच्या मनात जी पाल चुकचुकते, ती आकडे आल्यावरही जात नाही. लशींबद्दलच्या अविश्वासाला फक्त व्हॉट्सअ‍ॅप जबाबदार नाही.

शिवाय चाचणीतला आकडा गावात तसाच राहत नाही. दिल्लीच्या एम्सनं एप्रिल-मे २०२१ मध्ये, डेल्टाच्या ऐन लाटेत, आपल्याच कर्मचाऱ्यांत पाहणी केली तेव्हा लक्षणांसह होणाऱ्या कोरोनापासून कोव्हॅक्सिनचं संरक्षण ५० टक्क्यांच्या आसपास भरलं. विषाणू बदलला होता आणि रोज रुग्णांत राहणाऱ्यांना त्याचा मारा जास्त होता.

तो एप्रिल नागपूरकर विसरणार नाहीत. पंचेचाळीसच्या वरच्या सर्वांना लस नुकतीच खुली झाली होती, बहुतेकांचा पहिलाच डोस झालेला किंवा तोही नाही. रात्री दोन वाजता फोन यायचे, बेड आहे का, सिलिंडर आहे का. बावीसच्या जानेवारीत ओमायक्रॉन आला तेव्हा माझ्या दवाखान्यात पॉझिटिव्ह रुग्ण त्याहून जास्त होते. घरंच्या घरं. पण ऑक्सिजनसाठी फोन जवळपास नव्हते. आता मीच वर म्हणालो की तुलनेच्या गटाशिवाय काही सिद्ध होत नाही, तेव्हा हे सगळं श्रेय लशीला देणार नाही. ओमायक्रॉन मुळात छातीत कमी उतरतो आणि आदल्या वर्षी अर्ध्या गावाला आजार होऊन गेलेला होता. तरी काकांचा "बावीस सालचा कोरोना" हाच.

मग नाकाच्या फाटकाचं काय? तिथं पहारा बसवायचा तर लस नाकातूनच द्यायला हवी. हा विचार नवा नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०१० मध्ये नाकात फवारायची लस आणली होती. कोरोनासाठी भारत बायोटेकची नाकातली लस २६ जानेवारी २०२३ ला आली. संसर्ग पसरणं ती किती रोखते, याचा पक्का पुरावा अजून हातात नाही, तेव्हा मी ती कुणाला त्या भरवशावर सुचवत नाही.

काकांना हे सगळं सांगायला वीस मिनिटं लागली. बाहेर रांग वाढली होती, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. काका ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या माकडांचं काय झालं मंग?"

"फुप्फुस तपासायचं म्हणजे..." मी म्हणालो. त्यांना समजलं.

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग पिशवीतून फाइल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "मागच्या खेपेला तुम्ही फ्लूची लस घ्या म्हणाले होते. मी टाळली. ती बी अशीच का? सर्दी होते, पण छातीत जात नाही?"

साधारण तशीच, म्हटलं. दरवर्षी घ्यावी लागते, कारण फ्लूचा विषाणू वेश बदलतो. तुमचं वय आणि साखर पाहता न्यूमोनियाचीही घ्यायला हवी. पण आज नको, आधी हा खोकला जाऊ द्या. पुढच्या सोमवारी या.